पात्यावरचे नाव

परदेशाहून परतलेल्या माणसाच्या पेटीतून काय निघते, यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बारीक लक्ष असते. घड्याळ निघाले तर 'कमाई बरी दिसते', अत्तर निघाले तर 'हौशी आहेत', आणि नुसतीच छायाचित्रे निघाली तर 'हात आखडता दिसतो', असा निकाल जागच्या जागी लागतो. आमच्या पेटीतून एकामागून एक सात चाकू निघाले, तेव्हा मात्र काय निकाल द्यावा हे कोणालाच सुचेना.

"अहो, घरात विळी आहे, सुऱ्या आहेत, मग चाकूंसाठी एवढा प्रवास कशाला?" असे सौ.ने निघण्यापूर्वीच विचारले होते. प्रश्न रास्त होता. पण कोणी देवळांसाठी गावे पाहतो, कोणी चित्रांसाठी, कोणी नुसत्या जेवणासाठी. मला एकदा चाकूंसाठी गावे पाहायची होती. लहानपणी पेन्सिलीला टोक करताना पात्यावर कोरलेली इवलीशी अक्षरे मी वाचत असे. शेफील्ड, सोलिंगेन ही गावे भूगोलाच्या पुस्तकात मागाहून भेटली. आधी ती भेटली चाकूच्या पात्यावर. त्या नावांमागची गावे पाहावीत आणि उत्तम चाकू कोणाचा, याचा एकदाचा निकाल लावावा, एवढाच बेत होता.

निकाल लागला, पण भलत्याच प्रश्नाचा. 'चाकू कोणाचा चांगला' असे विचारत आम्ही निघालो, आणि गावोगाव 'पात्यावरचे नाव कोणाचे' या भांडणात जाऊन पडलो. तीच हकिगत येथे सांगायची आहे.

शेफील्डला उतरलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. इंग्लंडच्या उत्तरेकडचे हे शहर टेकड्यांवरून चढत-उतरत पसरले आहे आणि टेकड्यांमधून डॉन, शीफ, रिव्हेलिन, लॉक्सली आणि पोर्टर अशा पाच नद्या वाहतात. नद्या कसल्या, यांतल्या एकदोन सोडल्या तर आपण त्यांना ओढेच म्हणू. पण याच ओढ्यांनी पाणचक्क्या फिरवल्या, पाणचक्क्यांनी साणेचे दगड फिरवले, आणि ते दगडही जवळपासच्या डोंगरांतच मिळाले. चाकूचे गाव व्हायला आणखी काय हवे? चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या इंग्रज कवीने आपल्या एका कथेतील चक्कीवाल्याच्या पायमोज्यात शेफील्डचा चाकू खोचला आहे. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीही नुसते 'चाकू' म्हणून भागत नव्हते. कुठला, ते सांगावे लागत होते.

नावाची ही किंमत गावाने फार लवकर ओळखली. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने येथे चाकू-कात्र्या करणाऱ्यांची 'कटलर्स कंपनी' स्थापन झाली. प्रत्येक कारागिराने आपली खूण या कंपनीत नोंदवायची आणि तीच पात्यावर ठोकायची, असा दंडक झाला. माल वाईट निघाला तर कोणाचा कान धरायचा, हे त्या खुणेवरून कळे. जोसेफ रॉजर्स या पेढीची चांदणी आणि माल्टी क्रूस ही खूण १६८२ सालची. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकालाही ती ओळखता येई. याच पेढीने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा एक अवाढव्य चाकू केला. तो कापण्यासाठी नव्हता, दिपवण्यासाठी होता. आणि तेवढे काम त्याने चोख केले.

चांगल्या पोलादाची गोष्टही याच गावची. बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीला घड्याळाच्या कमानीसाठी चांगले पोलाद मिळेना, म्हणून १७४० च्या सुमारास तो मुशीत पोलाद वितळवू लागला. ते फार कठीण म्हणून गावच्या कारागिरांनी आधी नाक मुरडले. फ्रेंचांनी ते विकत घेऊन त्याचे सरस चाकू विकायला काढले, तेव्हा यांचे डोळे उघडले. पुढे १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले, तेव्हाही 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक' म्हणून गावाने त्यांची थट्टाच केली. आज आपल्या स्वयंपाकघरातले प्रत्येक स्टीलचे भांडे अशा संशोधनाचे ऋणी आहे, हे गृहिणींनी अवश्य ध्यानात ठेवावे.

शेफील्डचे खरे वैभव मोठ्या पेढ्यांत नव्हते. ते 'लिटल मेस्टर' म्हणवणाऱ्या सुट्या कारागिरांत होते. भाड्याच्या एका खोलीत, एका खिडकीच्या उजेडात, एकटा माणूस चाकू जुळवीत बसे. कोणी पाते घडवी, कोणी साणेवर धरी, कोणी मूठ बसवी. यांतल्या साणेवाल्यांची कथा ऐकवत नाही. कोरड्या दगडावर पाते धरले की दगडाची भुकटी नाकातोंडात जाई आणि ऐन तारुण्यात फुप्फुसे निकामी होत. त्या आजाराला गावात 'साणेवाल्यांचा दमा' असेच नाव पडले होते. खिशात चाकू ठेवणाऱ्या सभ्य गृहस्थाला याचा पत्ता नसे. पात्यावर पेढीचे नाव असे. ज्याच्या छातीत दगडाची धूळ साचली, त्याचे नसे.

या मेस्टरांपैकी स्टॅन शॉ यांचे नाव मात्र सर्वत्र झाले. १९२६ साली जन्मलेल्या या कारागिराने चौदाव्या वर्षी कामाला हात घातला आणि २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'शेवटचा मेस्टर' म्हणून लौकिक मिळवला. केलम बेटावरच्या संग्रहालयात आज अशा कारागिरांच्या खोल्या पाहायला मिळतात. चाकू करणारे हात गावात आता मूठभरच उरले आहेत. तेथे घेतलेला शिंगाच्या मुठीचा दोन पात्यांचा छोटा चाकू मी उघडमीट करून पाहिला. पाते उघडताना अर्ध्यावर क्षणभर थांबते, मग पुढे जाते. आणि पुरते उघडले की 'खट्' असा आवाज होतो. शेफील्डवाले या आवाजाला 'चालणे आणि बोलणे' म्हणतात. चाकू चालला-बोलला पाहिजे. मुलांच्या बाबतीत आपणही दुसरे काय पाहतो?

शेफील्डमध्ये कोणत्याही जुन्या माणसाकडे चाकूचा विषय काढा; थोड्या वेळाने सोलिंगेनचे नाव निघते आणि त्याच्या कपाळाला आठी पडते. त्या आठीमागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या सोलिंगेनहून येणाऱ्या स्वस्त चाकूंवर खुशाल 'शेफील्ड' असे छापलेले असे. त्यावर इतका गिल्ला झाला की १८८७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने मालावर खोटी नावे घालण्याविरुद्ध कायदा केला. परदेशी मालावर देशाचे नाव येऊ लागले आणि 'मेड इन जर्मनी' हे शब्द जगाला माहीत झाले. मनात होते लाज आणायचे, पण झाले उलटेच. पुढे गिऱ्हाईक ते शब्द शोधून माल घेऊ लागले!

तेव्हा आरोपीचीही बाजू ऐकावी म्हणून आम्ही सोलिंगेन गाठले. वुपर नदीच्या वळणांवर वसलेले हे शहर २०१२ पासून आपल्या नावामागे अधिकृतपणे 'पात्यांचे शहर' अशी पदवी लावते. दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४४ मध्ये, बाँबवर्षावाने जुने शहर बेचिराख झाले. त्यामुळे मध्यवस्तीत जुने असे फारसे दिसत नाही. पण ग्रेफ्राट या उपनगरात पाटीच्या दगडांनी मढवलेली काळी घरे आणि त्यांच्या हिरव्या खिडक्या अजून आहेत. तिथल्या एका जुन्या मठात पात्यांचे संग्रहालय आहे. नदीकाठी 'कोटन' म्हणतात त्या साणेच्या झोपड्या आहेत; बाहेर पाणचक्र, आत दगड.

संग्रहालयातल्या तलवारी पाहताना आपल्या इतिहासातला एक शब्द आठवला : 'फिरंग'. मराठ्यांच्या या सरळ, लांब तलवारीचे पाते युरोपातून येई आणि मूठ इकडे चढवली जाई. अशी कितीतरी पाती याच सोलिंगेनची. म्हणजे दख्खनच्या रणांगणावर या गावचे पोलाद आपल्या मुठीत होते आणि आपण त्याला परक्याचे म्हणून सरळ 'फिरंग' असे नाव दिले. कोणी कोणाच्या नावाची चोरी केली नाही, असा या हकिगतीतला हा विरळा प्रसंग.

कारण सोलिंगेनची जुनी वही चाळली तर शेफील्डच्या नावापूर्वीचीही उधारी सापडते. मध्ययुगात दक्षिणेकडच्या पास्साऊ गावच्या तलवारींना मोठा मान असे आणि त्यांच्या पात्यावर धावत्या लांडग्याची खूण असे. सोलिंगेनच्या कारागिरांनी तो लांडगा उचलला आणि आपल्या पात्यांवर पळवला. पण ज्याने दुसऱ्याचे नाव वापरून पाहिले, त्यालाच नावाची खरी किंमत कळते. आपल्या घरची खूण या गावाने जिवापाड जपली. हेंकेल्स घराण्याची जुळ्या भावंडांची खूण १३ जून १७३१ रोजी नोंदलेली आहे आणि आजही चालू आहे. ब्यूकर या पेढीची खूण म्हणजे एक डेरेदार वृक्ष. आणि १९३८ मध्ये तर गावाच्या नावासाठीच कायदा झाला : ज्या पात्याच्या घडणीतली मुख्य कामे सोलिंगेन परिसरात झाली आणि ज्याचा माल त्या लायकीचा आहे, त्यावरच 'सोलिंगेन' हे नाव घालावे. आज जगात एका शहराच्या नावाला असे कायद्याचे कवच क्वचितच असेल.

तेथे घेतलेला चाकू त्या गावासारखाच निघाला. काटेकोर, थोडा जड, कुठे फट नाही, कुठे हौस नाही. इंग्रज चाकू बोलका, हा हिशेबनीस.

तेथून आम्ही दक्षिणेला स्वित्झर्लंडमध्ये, श्वीझ परगण्यातील ईबाखला गेलो. डोंगरांच्या कुशीतले हे गाव लाल मुठीच्या, पांढऱ्या क्रूसाच्या त्या चाकूचे, जो आपल्याकडेही प्रत्येक हौशी मामाने कुठल्या तरी भाच्याला दिलेला असतो. येथेही नावाची गंमत आहे. १८९० च्या सुमारास स्विस लष्कराने शिपायांना एक चाकू द्यायचे ठरवले. पाते, दाभण, डबा उघडण्याचे साधन आणि बंदूक खोलण्यासाठी पेचकस, असा तो चाकू. पण एवढा माल काढणारा कारखाना देशात नव्हता; म्हणून पहिले स्विस चाकू आले सोलिंगेनहून! ही गोष्ट कार्ल एल्सनर या कारागिराच्या मनाला लागली. १८८४ मध्ये त्यांनी ईबाखला आपले दुकान काढले होते. गावातले तरुण कामधंद्यासाठी परदेशी जात, ते त्यांना थांबवायचे होते. १८९१ मध्ये त्यांनी लष्कराचे काम अंगावर घेतले आणि त्यात इतकी खोट खाल्ली की दिवाळे निघायचेच बाकी राहिले. नातलगांनी हात दिला म्हणून तगले. १२ जून १८९७ रोजी त्यांनी अधिकाऱ्यांसाठीचा हलका चाकू नोंदवला. त्यात दोनच कमानींवर सहा हत्यारे बसवली होती. आजचे सगळे लाल चाकू त्याचेच वंशज.

आणि नाव? एल्सनर यांच्या आईचे नाव व्हिक्टोरिया. १९०९ मध्ये ती वारली, तेव्हा मुलाने कारखान्याला आईचे नाव दिले. पुढे १९२१ मध्ये न गंजणारे पोलाद आले. त्याला फ्रेंचमध्ये 'इनॉक्स' म्हणतात. दोन्ही जोडून झाले 'व्हिक्टोरिनॉक्स'. हे ऐकून इतका वेळ दमून बाकावर बसलेली सौ. एकदम म्हणाली, "अहो, हा चाकू घ्या. ज्याने आईचे नाव पुसू दिले नाही, तो धारही पुसू देणार नाही." तर्कशास्त्रात हे बसते की नाही, ठाऊक नाही, चाकू मात्र घेतला. २००१ नंतर विमानात चाकू नेण्यास बंदी आली आणि विमानतळावरची विक्री एकाएकी आटली, तेव्हाही आम्ही कोणाला कामावरून काढले नाही, असे ही कंपनी अभिमानाने सांगते. आईच्या नावाला शोभणारी अशी ही गोष्ट आहे.

आल्प्सच्या पलीकडच्या उतारावर फ्रान्सचा साव्वा प्रांत. तिथल्या आल्बिए-ल-व्हिये या डोंगरी गावात झोझेफ ओपिनेल हा अवजारे करणाऱ्या लोहाराचा मुलगा. १८९० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने शेतकऱ्यांच्या खिशासाठी एक साधा चाकू केला. पाते, लाकडाची गोल मूठ, एक रिव्हेट आणि मुठीच्या गळ्याशी धातूचे कडे. संपला चाकू! १८९७ मध्ये त्याने लहान-मोठी बारा मापे ठरवून त्यांना एक ते बारा असे आकडे दिले. १९५५ मध्ये कड्यावर आणखी एक फिरते कडे आले. ते फिरवले की पाते बोटावर मिटत नाही. खुणेसाठी घेतला मुकुटाखालचा आशीर्वादाचा हात. हात सें-झाँ-द-मोरिएन या जवळच्या गावच्या मुद्रेतला, मुकुट साव्वाच्या जुन्या राजघराण्याचा. या चाकूचे नाव इतके रुळले की १९८९ मध्ये फ्रेंच शब्दकोशात ते सामान्य नाम म्हणून दाखल झाले. आपण 'डालडा' म्हणू लागलो तसे.

या चाकूत एक खोड आहे, आणि तिच्यावर उपायही आहे. पावसाळी हवेत लाकूड फुगते आणि पाते मुठीत रुतून बसते. अशा वेळी साव्वाचा शेतकरी मुठीचे टोक टेबलावर ठोकतो आणि पाते आपोआप डोके वर काढते. कोकणातल्या श्रावणात ही युक्ती फार उपयोगी पडेल.

साव्वाहून पश्चिमेला निघालो ते तिएर या गावी. हे फ्रान्सचे चाकूंचे आगर. फ्रान्समध्ये होणारे बहुतेक चाकू याच टापूत होतात. गाव कड्यावर टांगल्यासारखे, खाली घळीत द्युरोल नदी फेसाळत धावते. एका वळणाला नावच 'नरकाचा खळगा' असे आहे. तेथे साणेवाले बसून काम करीत नसत. पाण्यावर आडव्या टाकलेल्या फळीवर पालथे पडून, खाली फिरणाऱ्या दगडावर ते दिवसभर पाते दाबून धरीत. पाण्याच्या गारठ्याने पाय बधिर होत, म्हणून कुत्री पाळलेली असत. धनी पालथा पडला की कुत्रे त्याच्या पायांवर जाऊन बसे आणि ऊब देई. दगडाच्या पिवळ्या गाळाने माखलेल्या या लोकांना 'पिवळ्या पोटाचे' असे टोपणनाव होते. तिएरच्या संग्रहालयात ती फळी आणि ती चित्रे पाहिली आणि पुढची दुकाने पाहण्याचा उत्साह बराच वेळ मावळला.

आता गंमत पाहा. इतके चाकू करणाऱ्या या गावाचे नाव आपल्यापैकी कोणी ऐकले होते? पात्यावर गावाचे नाव घालायचे तिएरला सुचलेच नाही. त्याने शतकानुशतके दुसऱ्यांच्या आकाराचे, दुसऱ्यांच्या नावाचे चाकू केले. गावाच्या नावाचा चाकू अखेर १९९० च्या दशकात आला. गावातल्या चाकूवाल्यांनी मंडळ करून एक आकार ठरवला. नियम पाळील त्याला तो करण्याची मुभा. पण त्यापूर्वी तिएरच्या हातांनी सर्वांत जास्त प्रसिद्ध केले ते दुसऱ्याच गावाचे नाव. त्या गावी गेल्यावाचून ही हकिगत पुरी होत नाही.

ते गाव म्हणजे लायोल. दक्षिणेला, ओब्राकच्या उजाड पठारावर, हजार मीटर उंचीवर वसलेले हजारबाराशे वस्तीचे खेडे. मोठ्या डोळ्यांच्या बदामी गाई, चीज आणि वारा, एवढीच त्याची संपत्ती. १८२९ मध्ये पिएर-झाँ काल्मेल यांनी येथे गुराख्यांसाठी एक देखणा, कमरेत किंचित वळलेला चाकू केला. १८८० च्या सुमारास त्याला बाटलीचे बूच काढण्याचा मळसूत्री काटा जोडला गेला. कारण या पठारावरची मुले पॅरिसला जाऊन उपाहारगृहांत वाढपी होत. कमानीच्या टोकावर एक मधमाशी कोरलेली असते. मुठीत बारीक खिळ्यांचा क्रूस असतो; रानात देऊळ नाही, तेव्हा गुराखी पावात चाकू रोवून त्यापुढे प्रार्थना करी, असे सांगतात.

मागणी वाढली तसे काम तिएरकडे गेले आणि लायोलमध्ये लायोल चाकू करणारे जवळजवळ नाहीसे झाले. १९८७ मध्ये गावाने पुन्हा भाता पेटवला. फिलिप स्टार्क या प्रसिद्ध रचनाकाराने नवा कारखाना बांधला आणि त्याच्या छपरातून १८ मीटर उंचीचे पाते आभाळात घुसवले. पण १९९३ मध्ये गावाशी संबंध नसलेल्या एका गृहस्थाने 'लायोल' हेच नाव आपला व्यापारी शिक्का म्हणून नोंदवले. मग चाकूच कशाला, कपड्यांवर, शेगड्यांवर, दूरदेशी केलेल्या कसल्याही मालावर गावाचे नाव झळकू लागले. आणि गावकऱ्यांनाच आपले नाव वापरताना वकिलाला विचारावे लागू लागले. २०१२ मध्ये न्यायालयात गाव हरले, तेव्हा वैतागून गावकऱ्यांनी वेशीवरची नावाची पाटीच उतरवली. नाव आमचे नाही, तर पाटी तरी कशाला? अखेर मार्च २०१९ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने त्यातले अनेक शिक्के रद्द ठरवले. वीस-पंचवीस वर्षे एक खेडे स्वतःच्या नावासाठी भांडले.

लायोलच्या दुकानात चाकू दाखवणाऱ्या बाईंनी मला तो खाडकन मिटू दिला नाही. माझा हात धरून त्यांनी तो हळू मिटवला. धार आतल्या कमानीवर आदळली तर बोथट होते, म्हणून. जिथे नावाची इतकी फरपट झाली, तिथे चाकू कसा मिटवावा हे सांगायला माणूस उभा होता. असली-नकली यांतला फरक मला तेथे कळला. कमानीवरच्या मधमाशीची नक्कल कोणीही करील. पण मिटताना हात धरणारा माणूस नकली मालासोबत येत नाही.

खिशात मिटून ठेवायचे चाकू येथे संपले. रानावनात हिंडणाऱ्याला मात्र न मिटणारा चाकू लागतो; त्यासाठी थेट उत्तरेला, स्वीडनमधल्या सिलियान सरोवराकाठच्या मोरा गावी जावे लागले. तिथल्या उस्टनोर वाडीत १८९१ पासून कारखान्यातून चाकू निघतात. लाल रंगाची लाकडी मूठ, आखूड सरळ पाते आणि एक म्यान. त्यात दिखाऊ काही नाही आणि किंमतही बेताची. पूर्वीच्या दोन पेढ्या २००५ मध्ये एक झाल्या. काही पात्यांत मध्ये कठीण पोलाद आणि दोन्ही अंगांना मऊ पोलाद असते. धार टिकते आणि पाते तुटत नाही. सुतार, कोळी, शिपाई, शाळकरी पोर, सर्वांचा चाकू एकच. मोरामध्ये नावाचे भांडण कोणी सांगितले नाही. नावाचा गाजावाजा नसला की भांडणही नसते, असे वाटून गेले.

परत आल्यावर एकाने विचारले, "आपल्याकडे असे गाव नाही का?" आहे. उत्तर प्रदेशातले रामपूर. नवाबी काळापासून तेथे चाकू होतात. पितळेची नक्षीदार मूठ आणि लांब मिटणारे पाते. पण या नावाच्या नशिबी वेगळेच आले. हिंदी चित्रपटांनी रामपुरी चाकू गुंडाच्या हातात दिला. १९६५ च्या 'वक्त' मधला राजकुमार आणि त्याचा चाकू कोणाला आठवत नाही? लोक नाव विसरले नाहीत, पण नावाला भिऊ लागले. पुढे पात्याच्या लांबीवर कायद्याची बंधने आली आणि कारागिरांची दुकाने एकेक करून मिटली. २०२३ मध्ये रामपूरच्या चौकात वीस फुटी चाकूचे शिल्प उभे राहिले. गावाने आपले नाव पुन्हा उजळ माथ्याने मिरवायचे ठरवले, हे चांगलेच झाले. पण चौकातल्या पात्याने पोट भरत नाही. त्यासाठी खिशातल्या पात्याला गिऱ्हाईक लागते.

आता ज्यांना निकालच हवा, त्यांच्यासाठी चार शब्द. प्रवासात फळे कापायला, पावाला लोणी लावायला ओपिनेलचा आठ नंबर पुरे. किमतीने हलका आणि हाताला गोड. साध्या पोलादाचा घेतला तर कैरी चिरल्यावर पाते काळे पडेल. घरच्या लोखंडी विळीप्रमाणे धुऊन, पुसून तेलाचे बोट फिरवावे. न गंजणारा घेतला तर ही काळजी नाही. घरात खिळे, पेचकस, डबे आणि पोरांचे खेळ यांसाठी ईबाखचा लाल चाकू. सह्याद्रीत मुक्काम करणाऱ्यांनी मोराचा न्यावा. मुलाला वारसा म्हणून द्यायचा तर सोलिंगेनचा, स्वतः हातात खेळवायचा तर शेफील्डचा, आणि चारचौघांत जेवताना काढायचा तर लायोलचा. मात्र घेताना पाते पुरते उघडून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. लटपटले तर नाव कितीही मोठे असो, परत ठेवावा. विमानात चाकू हातातल्या पिशवीत नसावा, मोठ्या सामानात असावा. इंग्लंडमध्ये काही सबळ कारण नसेल, तर तीन इंचांहून लांब किंवा पाते अडकवून ठेवणारा चाकू खिशात घालून हिंडू नये; तिथला कायदा तसा आहे.

हे सगळे लिहिताना स्वयंपाकघराकडे नजर जाते. तिथल्या विळीचे पाते कोणी घडवले, ते आमच्या घरात कोणाला ठाऊक नाही. अडकित्ता पणजोबांचा, एवढे ठाऊक आहे. त्याच्या लोहाराचे नाव नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर मात्र नावे आहेत, ठळक अक्षरांत कोरलेली. पण ती घेणाऱ्याची, देणाऱ्याची, लग्नातल्या मामा-मावश्यांची. ज्या तांबटाने हजार ठोके मारून तो हंडा वर काढला, त्याचे नाव त्यावर नाही. आपल्याकडे भांडे कोणाचे, तर ज्याच्या घरी आहे त्याचे.

त्या लोकांनी पात्यावर नावे घातली, त्यांच्या चोऱ्या केल्या, कज्जे खेळले, कायदे केले, वेशीवरच्या पाट्या उतरवल्या. हे सारे पाहून प्रथम हसू येते. मग ध्यानात येते की ज्या गोष्टीवर करणाऱ्याचे नाव असते, तिच्यासाठीच असे भांडता येते. आमच्या विळीच्या लोहारासाठी भांडायला कोणी नाही, कारण त्याचे नावच आम्ही कधी विचारले नाही. पुढच्या खेपेला धार लावणारा दारावर आला, की पैसे देताना त्याचे नाव विचारावे, एवढे तरी आपल्याला करता येईल.